कानांनी शिकलेला फुटबॉल

पिट्सबर्गला राहायला आलेल्या माणसाला फुटबॉल टाळता येत नाही. विमानतळावरच जॉर्ज वॉशिंग्टनच्या पुतळ्याशेजारी फ्रँको हॅरिस या खेळाडूचा पुतळा उभा आहे, कमरेत वाकून अगदी बुटांपाशी आलेला चेंडू उचलून धरताना. रविवारी पेन हिल्सच्या व्यंकटेश्वर मंदिरात दर्शनाच्या रांगेतही काळ्या-पिवळ्या जर्सी दिसतात. मी मूळची कोल्हापूरची, त्यामुळे फुटबॉलचं वेड मला नवं नव्हतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला की आमच्या घरातली पुरुषमंडळी कधी जेवायला वेळेवर आली नाहीत. पण इथला फुटबॉल तो नव्हे. लांबट चेंडू हातात धरून पळायचं, पाच-सहा सेकंदांत सगळे एकमेकांवर पडायचे, शिट्टी वाजायची, मग पुन्हा घोळका करून उभं राहायचं. टीव्हीवर बघताना मला ढिगाऱ्याखाली चेंडू कुठे गेला तेही कळत नसे.

हा खेळ मी शिकले तो रेडिओवर, आणि तोही नोकरीच्या जागी.

मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. नवीन माणसाला रविवारच्या पाळ्या जास्त मिळतात, तशा मलाही मिळाल्या. रविवारी दुपारी लॅब जरा शांत असते. सेंट्रिफ्यूजची घरघर, मधूनच वरच्या मजल्यावरून नळीतून येऊन धप्पकन पडणारी नमुन्यांची डबी, आणि कोपऱ्यात बारीक आवाजात लावलेला रेडिओ. तो रेडिओ आमच्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंचा. वडील पोलादाच्या कारखान्यात होते, मोनोंगाहेला नदीकाठच्या गिरणीच्या गावात त्या वाढलेल्या. डब्ल्यूडीव्हीई हे १०२.५ एफएमवरचं स्टेशन आठवडाभर रॉक संगीत वाजवतं, पण स्टीलर्स या पिट्सबर्गच्या फुटबॉल संघाचा सामना असला की गाणी बंद. तो संघाचा रेडिओ.

सुरुवातीला मला त्या बोलण्यातलं काही म्हणजे काही कळायचं नाही. नुसता वेग ऐकू यायचा. बाईंनी एकदा मला विचारलं, "तू काय ऐकतेस?" मी म्हटलं, चेंडू कुणाकडे आहे ते. त्या म्हणाल्या, "चेंडू सोड. आधी फक्त आकडे ऐक."

तसं ऐकायला लागल्यावर लक्षात आलं की निवेदक दर वेळी, न चुकता, तीन-चार गोष्टी सांगतोच. कितवा डाउन म्हणजे प्रयत्न, किती यार्ड हवेत, चेंडू मैदानात कितव्या यार्डावर, घड्याळात किती वेळ. बसचा कंडक्टर थांबे पुकारतो तसं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याकडे. एवढ्या एका नियमावर सगळा खेळ उभा आहे, आणि रेडिओवरचा माणूस तो नियम पावलोपावली बोलून दाखवतो. "थर्ड अँड सेव्हन, स्वतःच्या चौतीसवर" म्हणजे तिसरा प्रयत्न, सात यार्ड अजून हवेत, आणि चेंडू आपल्याच अर्ध्यात. टीव्हीवर हेच आकडे पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलेले असतात, म्हणून टीव्हीवरचा समालोचक ते बोलत नाही. बघणाऱ्याला ते आधीच माहीत आहे असं धरून तो पुढचं बोलतो. रेडिओवाला मात्र असं काहीच धरून चालत नाही. त्याचा श्रोता गाडी चालवत असेल, दुकानात माल लावत असेल, माझ्यासारखा हातमोजे घालून नमुने लावत असेल. त्याला काहीच दिसत नाही, म्हणून त्याला सगळं सांगायचं असतं. मलाही काहीच दिसत नव्हतं, आणि मला सगळं कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

लेबलांच्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी मैदान काढायला लागले. शंभर यार्डांची एक आडवी पट्टी, दर दहावर एक उभी रेघ. निवेदकाने चेंडूची जागा सांगितली की पेन्सिलीने टिंब, पुढे सरकला की बाण. धावत गेला तर सरळ रेघ, हवेतून फेकला तर कमान. एका संघाकडे चेंडू असेपर्यंत एक ओळ, दुसऱ्याकडे गेला की खाली नवी ओळ. पाळी संपताना त्या कागदावर अख्खा सामना उतरलेला असे, आणि तो वाचता येत असे. इथे तीन लहान बाण आणि पंट, म्हणजे लाथ मारून चेंडू समोरच्यांकडे लांब धाडणं, इथे एक लांब कमान आणि टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे. बाई तो कागद बघून कुठे चुकीचा यार्ड पडलाय ते सांगायच्या. सामना चालू असताना त्यांनी एकही रेघ पाहिलेली नसायची, नुसतं ऐकलेलं असायचं.

आकडे अंगवळणी पडल्यावर पुढची गोष्ट ऐकू यायला लागली, ती म्हणजे दोन आवाजांची वाटणी. घोळका फुटून खेळाडू रांगेत उभे राहिल्यापासून शिट्टी वाजेपर्यंत एकच माणूस बोलतो. तेव्हा हा आवाज बिल हिलग्रोव्ह यांचा होता, १९९४ पासूनचा. शिट्टी वाजली की दुसरा बोलतो, जो स्वतः खेळलेला असतो, आणि आत्ता जे झालं ते का झालं ते सांगतो. दोन खेळींमध्ये फार तर चाळीस सेकंद. त्या चाळीस सेकंदांत दुसऱ्याने आपलं म्हणणं आटपून पहिल्याला जागा करून द्यायची. मी लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं धावतं वर्णन ऐकलं आहे. गोलंदाज परत फिरून आपल्या जागी जाईपर्यंतचा वेळ ते कसे भरून काढत ते कानात अजून आहे. हिलग्रोव्ह ऐकताना तेच कसब ओळखू आलं, आणि त्या क्षणापासून हा खेळ मला परका राहिला नाही.

दुसरा आवाज टंच इल्किन यांचा. हे गृहस्थ जन्माने इस्तंबूलचे, लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेले. एनएफएल या इथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये खेळलेले ते पहिले तुर्की. १९८० पासून १९९२ पर्यंत स्टीलर्ससाठी टॅकल म्हणून खेळले, म्हणजे चेंडूला हातही न लावता क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, बाजूला उभं राहून अंगावर येणाऱ्यांना थोपवायचं काम. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो. इल्किन त्या पाच धिप्पाड माणसांच्या रांगेकडे बघून बोलायचे. कुणाचे हात आत होते, कुणाचे बाहेर, कुणाचा पाय आधी उचलला गेला. हातांचा असा झटका मारून समोरच्याला रोखण्याच्या त्यांच्या पद्धतीला "टंच पंच" असं नावच पडलं होतं. त्यांच्यामुळे मला कळलं की पास पडला याचं कारण बहुधा फेकणाऱ्यात नसतं, दोन सेकंद आधी डाव्या बाजूला कुणीतरी ढकलला गेलेला असतो. दुसऱ्या देशातून आलेला माणूस या शहराला त्याचाच खेळ उलगडून सांगतो आणि शहर त्याला आपला मानून ऐकतं, हे ऐकताना मला रविवारची पाळी आवडायला लागली.

आता थोडं या स्थानिक रेडिओबद्दल सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या माणसाला त्याची व्यवस्था माहीत नसते. एनएफएलच्या नियमित हंगामातले सामने टीव्हीवर दिसतात ते राष्ट्रीय कंपन्यांच्या करारांतून. समालोचकांची जोडी कंपनी पाठवते. ती आज पिट्सबर्गला, पुढच्या रविवारी डॅलसला. तिने दोन्ही संघांचं सारखंच बोलायचं असतं, आणि ते योग्यही आहे. मात्र प्रत्येक संघाचं स्वतःचं एक मुख्य रेडिओ स्टेशन असतं, त्याला जोडलेली आसपासच्या गावांतली लहान स्टेशनं असतात, आणि त्यावरचे समालोचक वर्षानुवर्षं तेच. सरावसामने सोडले तर संघाच्या घरच्या माणसाचा आवाज फक्त रेडिओवर ऐकू येतो. चौथ्या फळीतला पोरगा कुठल्या शाळेत शिकला, मागच्या महिन्यात कुणाचा गुडघा दुखत होता, हे त्यांना ठाऊक असतं, कारण ते रोज सरावाला उभे असतात.

आणि पिट्सबर्ग हे तर रेडिओचंच गाव. केडीकेए या स्टेशनने २ नोव्हेंबर १९२० ला इथूनच अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल प्रसारित केले. पुढच्याच वर्षी ५ ऑगस्टला बेसबॉलचा सामना, आणि ८ ऑक्टोबर १९२१ ला फोर्ब्स फील्डवरून पिट म्हणजे पिट्सबर्ग विद्यापीठ विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया हा कॉलेज फुटबॉलचा सामना, दोन्ही रेडिओवर पहिलेच. स्टीलर्स संघ त्यानंतर बारा वर्षांनी जन्माला आला. या शहराला खेळ ऐकायची सवय त्या संघाच्याही आधीची.

त्या सवयीला कारणही होतं. १९७३ पर्यंत घरच्या मैदानावरचा सामना त्या शहरात टीव्हीवर दाखवतच नसत, तिकिटं सगळी संपलेली असली तरी नाही. २३ डिसेंबर १९७२ ला ओकलंड रेडर्सविरुद्ध स्टीलर्स ७-६ असे मागे होते, बावीस सेकंद उरलेले, चौथा आणि शेवटचा प्रयत्न. स्टीलर्सच्या ब्रॅडशॉने फेकलेला चेंडू दोन खेळाडूंच्या टकरीतून उडाला, तो जमिनीला लागायच्या आत फ्रँको हॅरिसने उचलला आणि थेट शेवटच्या रेषेपलीकडे नेला. विमानतळावरचा पुतळा त्याच क्षणाचा. अमेरिकन फुटबॉलमधली ही बहुधा सर्वांत प्रसिद्ध खेळी, आणि ती ज्या गावात घडली त्या गावाने, मैदानात होते ते सोडून, ती पाहिलीच नाही. तेव्हाचे रेडिओ निवेदक जॅक फ्लेमिंग यांच्या आवाजात ऐकली. बाई तेव्हा शाळकरी होत्या. त्या सांगतात, चेंडू पकडला हे कळलं, पळतोय हे कळलं, पण पंच निर्णयच देईनात. स्वयंपाकघरात रेडिओभोवती सगळं घर उभं, आणि वडील हात वर करून सगळ्यांना गप्प करत होते. पुढल्या वर्षी कायदा झाला. बहात्तर तास आधी तिकिटं संपली तर सामना दाखवायचा असं ठरलं. पण तोवर एक पिढी कानांनी घडली होती.

मायरन कोप यांना मी कधी थेट ऐकलं नाही. १९७० ते २००४ अशी पस्तीस वर्षं ते स्टीलर्सच्या रेडिओवर होते. किरटा, चिरका आवाज, उच्चार पक्के पिट्सबर्गी, आणि आनंद झाला की "योई!" त्याहून मोठा आनंद झाला की "डबल योई!" बाई त्यांची हुबेहूब नक्कल करतात. स्टेडियमभर फिरणारे पिवळे टॉवेल हे त्यांनीच रेडिओवरून सुरू केलेलं काम. १९७५ च्या डिसेंबरमध्ये बाद फेरीचा सामना होता, स्टेशनला काहीतरी नवीन हवं होतं, तर कोप यांनी श्रोत्यांना सांगितलं की येताना घरचा पिवळा नाही तर काळा टॉवेल घेऊन या. लोक आले. "टेरिबल टॉवेल" हे नाव त्यांचंच. पुढे १९९६ मध्ये त्यांनी त्या टॉवेलचे हक्क अ‍ॅलेघेनी व्हॅली स्कूल या संस्थेला देऊन टाकले. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांचा सांभाळ तिथे होतो, आणि कोप यांचा मुलगा तिथेच राहत असे. आजही दुकानात टॉवेल विकत घेतला की त्यातला वाटा तिकडे जातो. माझ्या घरात असे टॉवेल आहेत, आणि हे समजल्यापासून मी कुणालाही नकली टॉवेल घेऊ देत नाही.

लॅबमध्ये ऐकायला शिकले, पण घरी रेडिओ नव्हता. घेतला तर लागेना. पिट्सबर्ग हे टेकड्यांचं शहर, आमचं घर एका उताराच्या पायथ्याशी, आणि मध्ये अख्खी टेकडी. खिडकीत ठेवला की स्पष्ट, ओट्यावर आणला की खरखर. शेवटी वायरचं साधं टी-आकाराचं एरियल खिडकीच्या चौकटीवर वरपर्यंत ताणून चिकटपट्टीने लावलं, तेव्हा आवाज स्वच्छ झाला. भाजी फोडणीला टाकताना तिसरा डाउन ऐकू यायला लागला हे मला फार मोठं वाटलं.

पण नवरा बाहेरच्या खोलीत टीव्हीवर बघायचा, आणि तिथून खरी अडचण सुरू झाली. स्वयंपाकघरातून मी ओरडायची "टचडाउन!" आणि त्याच्या पडद्यावर अजून चेंडू फेकलेलासुद्धा नसायचा. त्याचा सगळा सामना फुकट जायचा. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, पूर्वी असं नव्हतं. टीव्हीचा आवाज बंद करून कोप आणि फ्लेमिंग ऐकत बघायचं ही इथली जुनी रीत, आणि तेव्हा चित्र आणि आवाज बरोबर जुळत. १२ जून २००९ ला मोठ्या टीव्ही स्टेशनांचं जुनं अ‍ॅनालॉग प्रसारण बंद झालं आणि ती रीत मोडली. डिजिटल चित्र आधी दाबून लहान करायचं, पाठवायचं, उपग्रहावरून आणायचं, घरच्या डब्यात पुन्हा उलगडायचं. प्रत्येक पायरीला थोडा थोडा वेळ जातो. एफएमचा आवाज मात्र सरळ येतो. म्हणून रेडिओ पुढे, टीव्ही मागे.

म्हणजे जुळवायचं तर रेडिओला थांबवून धरायला हवं. नवऱ्याने ते मनावर घेतलं. रेडिओच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर जुन्या लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातली. लॅपटॉपवर आवाज हवा तितका उशिरा सोडणारं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं, आणि लॅपटॉपचा आवाज टीव्हीखालच्या स्पीकरला दिला. आता प्रश्न, उशीर किती द्यायचा? पहिल्या किकऑफला टीव्हीचा आवाज बारीक ठेवून रेडिओवर गर्दीचा गजर उठला की घड्याळ सुरू करायचं, पडद्यावर पाय चेंडूला लागला की थांबवायचं. एवढ्याने ढोबळ अंदाज येतो. मग बारीक जुळवणी. आम्ही आधी निवेदकाच्या शब्दावर जुळवायला बघत होतो, पण तो स्वतःच बघून मग बोलतो, त्यामुळे शब्द नेहमी कणभर मागे असतात. खरी खूण पंचाची शिट्टी. ती टीव्हीतही ऐकू येते आणि रेडिओतही. दोन शिट्ट्या ऐकू येत असतील तर अजून फरक आहे. उशीर शतांश-शतांश सेकंदाने वाढवत न्यायचा, शिट्ट्या जवळ जवळ येतात, मधे एकदा प्रतिध्वनीसारखं होतं, आणि मग एकच शिट्टी वाजते. तिथे हात काढून घ्यायचा आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करायचा.

हे एकदा करून भागत नाही. चॅनल बदललं, वाहिनी दुसऱ्या कंपनीची असली, किंवा केबलऐवजी इंटरनेटवरून बघितलं की उशीर बदलतो. सगळ्यात कमी फरक छोटा अँटेना लावून हवेतून थेट घेतलेल्या चित्रात. आम्ही आता तसंच घेतो, चित्रही जास्त चांगलं असतं. ज्यांना वायरींचा खटाटोप नको त्यांच्यासाठी उशीर देणारे तयार रेडिओही मिळतात. पण रेडिओ फोनवरच्या अ‍ॅपवरून ऐकत असाल तर सगळं उलटं होतं. अ‍ॅप कितीतरी मागे असतं, तेव्हा टीव्ही थांबवून धरावा लागतो.

अ‍ॅपचं आणखी एक. आमचे दीर न्यू जर्सीत एडिसनला राहतात. दिवाळीच्या आसपास एका रविवारी दुपारी आम्ही त्यांच्याकडे गाडीने निघालो. एक वाजता सामना सुरू झाला तेव्हा १०२.५ व्यवस्थित लागलं होतं. समरसेटच्या पुढे डोंगर सुरू झाले तशी खरखर, मग दोन स्टेशनं एकमेकांत मिसळली, मग बोगदा. तेव्हा स्टेशनच्या अ‍ॅपवर सामन्याच्या वेळी दुसराच कार्यक्रम लागायचा, कारण लीग हवेतल्या प्रसारणाचे हक्क वेगळे देते आणि इंटरनेटचे वेगळे. आता लीगच्या २०२२ मध्ये निघालेल्या सशुल्क सेवेत सगळ्या संघांचा रेडिओ ऐकता येतो, पण त्या दिवशी बटण फिरवण्याशिवाय इलाज नव्हता. मी एक एक आकडा पुढे सरकवत गेले आणि बेडफर्डच्या आसपास, भलत्याच जागी, हिलग्रोव्ह पुन्हा सापडले. तिथल्या एका लहान स्टेशनवर तोच सामना, मध्येच स्थानिक ट्रॅक्टरच्या दुकानाची जाहिरात. हॅरिसबर्गपर्यंत असं स्टेशनामागून स्टेशन पकडत सामना संपवला. पुढे ७८ नंबरच्या रस्त्याला लागल्यावर त्याच बटणावर दुसराच आवाज आला, भारदस्त, प्रत्येक खेळीला चढत जाणारा. मेरिल रीस, १९७७ पासून फिलाडेल्फियाच्या ईगल्सचे निवेदक. आपण कुणाच्या मुलखात आलो हे मला पाटी वाचायच्या आधी रेडिओने सांगितलं. दिरांच्या घरी पोचलो तर टीव्हीवर ईगल्सचा तोच सामना चालू होता. मी म्हटलं, भाऊजी, आवाज बंद करा आणि तुमच्याकडे रेडिओ असेल तर आणा. "वहिनी, आवाज बंद करून मॅच कशी बघायची?" असं म्हणत त्यांनी बाहेर जाऊन गॅरेजमधला रेडिओ आणला. जुळवायला सामान नव्हतं, तरी सामना संपेपर्यंत त्यांनी तो पुढे धावणारा आवाजच ऐकला.

स्टेडियमवरही रेडिओ न्यावा हे बाईंनीच शिकवलं. वरच्या सज्जातून खेळ सुरेख दिसतो, पण चेंडू कुणी पकडला, पंचांचा नियमभंगाचा झेंडा कशासाठी पडला हे तिथे बसून कळत नाही. आजूबाजूला बघितलं तर अनेक म्हाताऱ्यांच्या कानात एका बाजूला वायर. इथे मात्र उशीर चालत नाही. डिजिटल एचडी रेडिओत मुळातच काही सेकंदांचा उशीर असतो आणि साधा एफएम आवाजही त्याच्याशी जुळवायला मुद्दाम मागे ठेवतात. म्हणून स्टेशनचे तंत्रज्ञ सामन्यापुरता तो उशीर काढून टाकू शकतात, आणि काही स्टेशनं तसं करतात. आपल्या हाताशी आठ-दहा डॉलरचा साधा एफएम रेडिओ असला की झालं. फोनवर ऐकणाऱ्या शेजाऱ्याला मात्र भोवती सगळे उठून टॉवेल फिरवायला लागल्यावर कितीतरी वेळाने टचडाउन ऐकू येतो.

आवाज बदलले तेव्हा मला जे वाटलं ते आधी वाटेल असं वाटलं नव्हतं. २०२० मध्ये इल्किन यांनी आपल्याला एएलएस हा मज्जातंतूंचा असाध्य आजार झाल्याचं सांगितलं. मी लॅबमध्ये काम करते, त्या आजाराचा अर्थ मला समजावून सांगायला नको होता. ४ सप्टेंबर २०२१ ला ते गेले. त्यांच्या जागी क्रेग वुल्फली आले. दोघे १९८० मध्ये एकत्रच संघात आलेले, दोघे एकाच रांगेत खेळलेले, जन्माचे मित्र. आठवड्याभरात बफेलोला पहिला सामना होता आणि वुल्फलींना मित्राच्या जागी बसून बोलायचं होतं. स्टीलर्स २३-१६ ने जिंकले. मी तो सामना बाईंबरोबर लॅबमध्येच ऐकला, आणि त्या दिवशी आम्ही दोघींनी कागदावर मैदान काढलं नाही. पुढे २०२४ च्या फेब्रुवारीत हिलग्रोव्ह तीस हंगामांनंतर थांबले. मार्च २०२५ मध्ये वुल्फलीही गेले. ज्या तिघांकडून मी हा खेळ शिकले त्यातलं आता त्या माइकवर कुणी नाही.

हिलग्रोव्ह यांच्या जागी रॉब किंग आले. त्यांचा हंगामातला पहिला सामना, सप्टेंबर २०२४, अटलांटाला. स्टीलर्सने एकही टचडाउन न करता सहा फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून मारलेल्या तीन-तीन गुणांच्या किक, मारून १८-१० ने सामना जिंकला. टीव्हीवर कंटाळवाणा म्हणावा असा सामना, पण ऐकायला मला आवडला, कारण प्रत्येक किकआधी यार्ड आणि घड्याळ नीट सांगावं लागत होतं आणि किंग ते नीट सांगत होते. डाउन, यार्ड, जागा, वेळ. क्रम तोच. बाई आता निवृत्त झाल्या आहेत, मध्यंतराला त्यांचा फोन आला, "मुलगा आकडे सोडत नाही." त्यांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ.

आमच्या मराठी मंडळात गेल्या वर्षी नव्याने आलेलं एक जोडपं आहे, साताऱ्याचं. दोघांनाही खेळ समजून घ्यायचा आहे, आणि दोघेही टीव्हीपुढे बसून कंटाळतात. ऑगस्टमध्ये सरावसामने सुरू होतात. निकालाची कुणाला पर्वा नसते, त्यामुळे उशीर जुळवायला आणि आकडे ऐकायला तोच काळ चांगला. त्यांच्या घरासमोरही टेकडी आहे, तेव्हा आधी एरियल. मी वायर, चिकटपट्टी आणि जुन्या लेबलांचे थोडे कागद काढून ठेवले आहेत.